सरफोजीच्या दाराशी कुर्ल्याची गाडी

तंजावरच्या भोसले घराण्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात सरस्वती महालातील पोथ्या, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला वंशचरित्राचा प्रदीर्घ शिलालेख, चित्रकला आणि संगीत यांना यथायोग्य स्थान मिळाले आहे. दुसऱ्या सरफोजी राजाच्या स्वभावाची एक बाजू मात्र या गौरवात झाकून गेली. हा राजा यंत्रांचा शौकीन होता आणि घोड्यांचा जाणकार होता. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आला, तेव्हा लाव्हाझिए आणि लिनिअस यांची नावे सहज घेणारा हिंदी राजा पाहून तो चकित झाला, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच ठिकाणी त्याने असेही लिहून ठेवले आहे की, आसपासचे इंग्रज लष्करी अधिकारी सरफोजीस मान देत ते घोड्याची खरी पारख असलेला आणि वाघावर शांत चित्ताने गोळी झाडणारा माणूस म्हणून. हे वाक्य बहुधा गंमत म्हणून सोडून देण्यात येते. आम्हांस ते महत्त्वाचे वाटते.

घोडा ही दुसऱ्याच्या हाताखालून आलेली चीज असते. विकणारा त्याचे दोष झाकतो, आणि घेणाऱ्याने दात, खूर, श्वास आणि चाल पाहून त्याचे मागचे व पुढचे आयुष्य ताडावयाचे असते. सरस्वती महालात अश्वशास्त्राच्या आणि गजशास्त्राच्या सचित्र पोथ्या आहेत. त्यांतील शुभाशुभ लक्षणांचा भाग आज कोणी मानणार नाही. परंतु विकत घेण्यापूर्वी जनावर नखशिखान्त पाहावे, हा त्यामागचा व्यवहार शहाणपणाचाच आहे.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजीच्या वाट्यास किल्ला आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. त्याने तो पैसा विलायती पुस्तकांत, शस्त्रक्रियेच्या हत्यारांत आणि पदार्थविज्ञानाच्या उपकरणांत घातला. शरीररचनेच्या अभ्यासास सांगाडा हवा; मृताच्या अस्थी हाताळणे धर्मास मानवेना; म्हणून त्याने हस्तिदंताचा सांगाडा करवून आणला. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात 'नवविद्याकलानिधी' या नावाचा देवनागरी छापखाना निघाला आणि त्या शतकाच्या पहिल्या दशकातच तेथे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापले गेले. पुणे-मुंबईस मराठी मुद्रणाची घडी बसण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. कल्पना विलायतेची, पण खिळे जुळविणारे आणि दाब ओढणारे हात तंजावरचे होते. १८५५ साली सरफोजीचा पुत्र शिवाजी पुरुषसंततीवाचून वारला आणि राज्य खालसा झाले. पुस्तके राहिली, १९१८ साली ती सर्वांस खुलीही झाली. छापखाना मात्र केव्हाच थंडावला होता. पुस्तक शंभर वर्षे कपाटात पडून पुन्हा वाचता येते. यंत्राचे तसे नाही. ते जाणणारा माणूस नाहीसा झाला की ते भंगार होते.

हा विचार आम्हांस पोथीशाळेत सुचला नाही. सरकारी नोकरीच्या निमित्ताने आम्ही तंजावरास आलो, राजवाड्याच्या परिसरात एका गल्लीत बिऱ्हाड केले, आणि दोन वर्षांपूर्वी एक जुनी मोटार विकत घेतली. ती गाडी कुर्ल्याची. पाटीवर मुंबईचा क्रमांक, जन्म १९९६ चा, नाव 'प्रीमियर ११८ एन. ई.'. तिच्यापायी आम्हांस जो इतिहास चाळावा लागला, तो परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांस रुचेल असे वाटते. कारण यांपैकी अनेकांच्या वडिलांनी कुर्ल्याच्या गाडीची वाट पाहण्यात आयुष्याची काही वर्षे घालविलेली असतील.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी मोटारीचा कारखाना काढण्याचे मनावर घेतले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी त्यांनी बोलणी केली, पण हिंदुस्थानात मोटार तयार होणे त्या वेळच्या सरकारास सोयीचे नव्हते. बंगळूरचा विमानांचा कारखाना १९४० मध्ये निघाला, विशाखापट्टणची गोदी १९४१ मध्ये. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ पर्यंत खोळंबली. कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्या १९४७ साली, आणि त्या डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन जातीच्या, म्हणजे भाग तिकडचे व जुळणी इकडची. १९५३ साली सरकारने धोरण ठरविले की, ज्यांना हळूहळू सर्व भाग येथेच बनवावयाचे नसतील त्यांनी नुसत्या जुळणीचा धंदा आवरावा. त्याबरोबर जनरल मोटर्स आणि फोर्ड या बलाढ्य कंपन्या येथून निघून गेल्या. वालचंदही त्याच वर्षी वारले. कुर्ल्याने इटलीच्या फियाटशी संधान बांधले होते. १९५४ पासून तिची अकराशे घनसेंटिमीटरची गाडी येथे होऊ लागली. पुढे तीच रूपे पालटत १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली.

त्या काळात नवी गाडी पैसे टाकून मिळत नसे. नाव नोंदवावे, अनामत भरावी आणि वर्षे मोजावीत, असा प्रकार होता. किमती सरकार ठरवी. १९६९ च्या किंमत-नियंत्रणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातील प्रमुख पक्षकार कुर्ल्याचीच कंपनी होती. सरकारी अधिकाऱ्यांसाठी वेगळा वाटा राखलेला असे. तो ज्याला लाभला त्याच्याकडे कचेरीतील इतर लोक कोणत्या नजरेने पाहत, हे जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकण्यासारखे आहे. परिणाम असा विपरीत झाला की वापरलेली फियाट नव्या फियाटहून महाग विकली जाई. यामुळेच आपल्याकडे जुनी मोटार ही कमीपणाची वस्तू कधी झाली नाही, आणि ती घरच्या घरी सांभाळण्याचे ज्ञान मध्यमवर्गात पसरले. रविवारी सकाळी प्लग साफ करणारे हेडमास्तर आणि स्वतः कार्ब्युरेटर खोलणारे डॉक्टर त्या टंचाईने निर्माण केले. टंचाईची आम्ही भलावण करीत नाही. तिचे हे एक फळ मात्र नाकारता येत नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जुन्या कारखान्यांची झोप उडाली. तीनही ठिकाणांहून एकच उत्तर आले: अधिक वेगवान, अधिक ऐटबाज मोठी गाडी. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये इंग्लंडातील व्हॉक्सहॉलच्या साच्यांवर 'कॉन्टेसा' काढली, पण तिच्यात पहिल्याने अँबॅसडरचेच दीड लिटरचे इंजिन बसविले. एवढ्या थोरल्या देहास ते कसे पुरावे? पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर ती खरी धावू लागली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये रोव्हरचे देखणे अंग घेतले आणि त्यात कित्येक दशकांपूर्वीचे व्हॅनगार्डचे इंजिन घातले; ती 'स्टँडर्ड २०००' तीन वर्षांत संपली. कुर्ल्याची ११८ एन. ई. याच वर्षीची. अंग फियाट १२४ चे, म्हणजे १९६६ च्या ज्या आराखड्यावरून रशियात लाडा आणि स्पेनमध्ये सिआट निघाल्या त्याचे. आणि आत निसानचे ११७१ घनसेंटिमीटरचे ए-१२ इंजिन. नावातील दोन अक्षरांचा अर्थ 'निसान इंजिन' एवढाच. बावन्न अश्वशक्ती हा आकडा आजच्या तरुणास हसू आणील, परंतु पद्मिनीच्या चाळिशीतून जो या गाडीत बसला आणि सुकाणूवरच्या दांड्याऐवजी तळातल्या दांड्याने ज्याने गिअर बदलले, त्यास ही गाडी शर्यतीचीच वाटली. इतर दोघींच्या तुलनेत हिचे गणित बरोबर होते: हलके अंग, भरवशाचे इंजिन.

आमच्या गाडीकडे वळतो. पाहावयास गेलो तेव्हा विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले होते. ते थंड होईपर्यंत आम्ही थांबलो, कारण जुन्या इंजिनाचे खरे बोलणे थंडपणीच ऐकू येते. पायाखालची सतरंजी उचलली तो तळाचा पत्रा दोन ठिकाणी खाल्लेला. मुंबईच्या खाऱ्या हवेने दारांखालच्या पट्ट्याही पोखरल्या होत्या. मग चारही नळकांड्यांचा दाब मोजला. तिघांत तो एकशे चाळीसच्या आसपास, चौथ्यात पंचाण्णव. त्या चौथ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे: दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, न वाढला तर दोष वर झडपांत किंवा हेडच्या गॅसकेटमध्ये. तो वाढला नाही. म्हणजे इंजिन खाली न उतरविता काम होण्यासारखे होते, आणि त्याच हिशेबाने आम्ही किंमत पाडून घेतली. अश्वशास्त्राचा कर्ता हे पाहून खूष झाला असता.

काम घराच्या अंगणातच झाले. मिस्त्री येथील वयोवृद्ध तमिळ गृहस्थ. आम्ही त्यांना 'अय्या' म्हणतो, ते आम्हांस 'सार' म्हणतात, आणि उरलेले संभाषण हातवाऱ्यांनी व यंत्राच्या भागांच्या नावांनी होते. ही नावे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच आहेत, ही राष्ट्रीय एकात्मता कोणी फारशी ध्यानात घेत नाही. फरक एवढाच की मुंबईचा डेंटर इकडे टिंकर होतो. अय्यांनी हेड उतरविले. ते अॅल्युमिनियमचे असल्यामुळे एकदा तापून वाकले असण्याची भीती होती. सरळ पट्टी ठेवून पाहिले, वाकलेले नव्हते. चौथी झडप तिच्या बैठकीवर नीट टेकत नव्हती. घासण्याचा मलम लावून ती हातांच्या तळव्यांमध्ये काठीने फिरवीत, मधूनमधून उचलून पाहत, करड्या रंगाची अखंड कडी उमटेपर्यंत घासावयाची. यास पाऊण तास लागला आणि तो आम्ही स्वतः घासण्यात घालविला. नवे गॅसकेट बसवून बोल्ट आवळताना मध्यापासून कडांकडे, तीन खेपांत, थोडे थोडे आवळले. हा क्रम चुकला तर सर्व मेहनत फुकट जाते.

पत्र्याचे काम टिंकरने केले; गंज लागलेला भाग कापून नवा तुकडा जोडला, वर ठिगळ मारून झाकला नाही. दारांचे रबर, मागच्या दिव्याची काच, पाण्याचा पंप, अशा वस्तू चेन्नईच्या पुदुपेट्टैतील जुन्या भागांच्या बाजारात दोन फेऱ्यांत मिळाल्या. पेट्रोलच्या नळ्या मात्र सर्वच बदलल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते, आणि १९९६ चे रबर त्यासाठी केलेले नव्हते. ते आतून फुगते आणि त्याचे कण कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतात. जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांनी दुसरे काही न केले तरी एवढे अवश्य करावे.

शेजारी तंजावरी मराठी कुटुंब आहे. त्यांच्या घरातील आजी, ज्यांचे मराठी आमच्याहून दोनशे वर्षांनी जुने, ओसरीवर बसून हा सारा उद्योग पाहत. गाडी मुंबईची आहे हे कळल्यावर, तिकडून इथे आलेले कोणी परत गेले नाही, तीही जाणार नाही, अशा अर्थाचे त्या काहीतरी म्हणाल्या. आमची बदली केव्हाही होऊ शकते, हे त्यांस सांगणे आमच्या जिवावर आले.

कचेरीचे काम मिस्त्रीच्या कामाहून लांबले, हे आम्हीच सरकारी नोकर असल्यामुळे फार बोलू नये. परराज्यात बारा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या गाडीस तेथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र नमुना २८ वर, नव्या क्रमांकाचा अर्ज नमुना २७ वर, मालकी पालटल्याचे नमुने २९ आणि ३०, आणि पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण नमुना २५ वर. वरचेवर बदली होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये 'भारत' मालिकेचे क्रमांक निघाले, ही चांगली सोय झाली. जुन्या गाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क मात्र २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले आणि वीस वर्षांवरील गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढले. धूर ओकणारी वाहने मोडीत निघावीत हे धोरण योग्यच आहे. तथापि चाचणीत उत्तीर्ण होणारी गाडी आणि रस्त्याच्या कडेला सडणारी गाडी यांत वयापलीकडे काही भेद असतो, हे नियम करणाऱ्यांनी पाहावयास हवे. आमची गाडी धुराच्या चाचणीत पहिल्या खेपेस उत्तीर्ण झाली. आता तिच्यावर तंजावरची ४९ क्रमांकाची पाटी आहे.

कुर्ल्यास पद्मिनी आणि ११८ एन. ई. या दोघींचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. वृत्तपत्रांनी त्या दिवशी पुष्कळ हळहळ छापली. त्या टॅक्सी चालू ठेवणारे मिस्त्री पुढे काय करू लागले, याची चौकशी कोठे वाचनात आली नाही.

अय्यांचा मुलगा चेन्नईस संगणकाच्या नोकरीत आहे. गेल्या महिन्यापासून आमच्या गल्लीतील एक पॉलिटेक्निकचा विद्यार्थी रविवारी त्यांच्या हाताखाली येतो. त्याच्या महाविद्यालयात कार्ब्युरेटर आता शिकवीत नाहीत. परवा त्याने आमचा कार्ब्युरेटर उतरवून, सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडून, पुन्हा जोडला. एक बारीक स्प्रिंग उरली. अय्या काही न बोलता पानाची चंची सोडून बसले, आणि त्याने सर्व पुन्हा उतरविले.