जाड पिनचा काळ

बार्शीत मोबाइल दुरुस्तीला बसल्यापासून पाहतोय, गिऱ्हाईक फोन घेताना जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याच्या हातातला फोन बघतं. यात मला शहाणपणच दिसतं. नोकियाचं राज्य या शहाणपणावर उभं होतं.

मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी नोकिया ११०० बाजारात आला. धुळीच्या आणि दमट हवेच्या देशांचा विचार करून केलेला फोन. कीपॅड एकसंध रबराचं, त्यामुळे आत माती जायची नाही. दोन्ही कडांना खरखरीत पट्टी, घामेजल्या हातातूनही निसटायचा नाही. 'सी'चं बटण दाबून धरलं की डोक्यावरचा टॉर्च लागायचा. आमच्याकडे तेव्हा भारनियमन जबर. शेतीपंपाला वीज रात्री-अपरात्री यायची, मोटार चालू करायला जाणाऱ्याला त्या उजेडाची किंमत विचारावी. जगभरात या एका मॉडेलचे वीस कोटींहून जास्त फोन खपले, ते उगीच नाही.

पण टॉर्चपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे चार्जर. जाड पिनचा नोकिया चार्जर गावात घरोघरी, पानटपरीवर, एसटी स्टँडच्या हॉटेलात असायचा. दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला की पाहुण्याच्या घरी चार्जिंगची पंचाईत. पुढे बारीक पिन आली तरी दोन्ही पिना दुकानात हाताशी असायच्या. बॅटरीचंही तेच. बीएल-५सी ही एकच बॅटरी ११००लाही चालायची आणि महागड्या ६६००लाही. आमच्या खणात केसिंग, डिस्प्ले, माइक, रिंगर, सगळं नोकियाचं. बाकीच्या फोनचा माल पुण्याहून मागवावा लागे, आणि तोवर माणूस फोनवाचून बसे. मग मीही सांगायचो, "मामा, नोकियाच घ्या." मनापासून सांगायचो.

ऑगस्ट २००७ मध्ये त्याच बॅटरीची बातमी आली. मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला तापू शकतात, नोकिया बदलून देणार. लोक घाबरून बॅटऱ्या काढून आणत, मागचा नंबर तपासून मागत. तरी ब्रँड कुणी सोडला नाही. सोडून जायचं कुठं, चार्जर तर तोच.

सोडला तो दुसऱ्या सिमसाठी. एका कंपनीचं इनकमिंग सगळ्यांना पाठ असलेल्या नंबरवर, दुसरीचे कॉल स्वस्त. दोन्ही सिम एकाच फोनमध्ये हवीत, ही गरज चिनी फोननी आधी ओळखली. डिसेंबर २००९ पासून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, नसलेले असे चिनी फोन बंद पडले, तेव्हा ते वापरणारी माणसं नोकियाकडे परतली नाहीत, मायक्रोमॅक्सकडे गेली. नोकियाचा दोन सिमवाला फोन २०१० साली आला. तोवर माझ्या निम्म्या खणात मायक्रोमॅक्सचा माल भरला होता, आणि "कुठला घेऊ?" विचारणाऱ्याला मी तोच फोन सुचवत होतो.