तालीम फुटबॉल (कोल्हापूर)

तालीम फुटबॉल : कोल्हापूर शहरातल्या पेठांमधील तालीम मंडळे आणि तरुण मंडळे यांच्या संघांनी श्रेणीबद्ध लीगमध्ये खेळलेला फुटबॉल. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि कामठी येथेही फुटबॉलची जुनी परंपरा आहे. मात्र गल्लीतल्या मंडळाचा संघ हाच शहराच्या फुटबॉलचा कणा, ही स्थिती कोल्हापुरात जितकी स्पष्ट दिसते तितकी राज्यात इतरत्र क्वचितच दिसते. येथे क्लब आधी निघाला आणि मग त्याला पाठीराखे मिळाले, असे घडलेले नाही. पेठ आधीपासून होती, पेठेची तालीम होती, आणि त्या तालमीने पुढे फुटबॉलचा संघ उभा केला. म्हणून या संघांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात मैदानापासून न करता मातीच्या हौदापासून करावी लागते.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. तांबडी माती, तिच्यात कालवलेले ताक, तेल, हळद आणि लिंबू, भिंतीत मारुतीची मूर्ती आणि पहाटेच्या जोर-बैठका. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला मोठा राजाश्रय मिळाला. १९०२ मध्ये युरोपच्या प्रवासात महाराजांनी रोममधले प्राचीन क्रीडागार पाहिले होते. त्यानंतर बांधलेले खासबागचे कुस्ती मैदान १९१२ मध्ये खुले झाले. याच काळात पेठांतल्या तालमींना बळ आले. परंतु तालीम हे फक्त व्यायामाचे ठिकाण कधीच नव्हते. पेठेतल्या पोरांना वळण लावणारी, भांडण मिटवणारी, गणपती बसवणारी, शिवजयंतीची मिरवणूक काढणारी आणि मयतीला खांदा देणारी ती संस्था होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा मदतीला धावलेल्या हातांमध्ये अशा मंडळांचे कार्यकर्ते मोठ्या संख्येने होते. फुटबॉल संघ या कामांच्या शेजारी वाढला. तो तालमीचा एक उपक्रम आहे, स्वतंत्र आस्थापना नव्हे. त्याच्या टिकाऊपणाचे कारणही हेच आहे.

संघांची नावे वाचली तरी शहराचा नकाशा डोळ्यापुढे येतो. मंगळवार पेठेतली पाटाकडील तालीम (समर्थकांच्या तोंडी ‘पीटीएम’) आणि बालगोपाल तालीम, शिवाजी पेठेतले शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम आणि संध्यामठ तरुण मंडळ, रविवार पेठेतली दिलबहार तालीम, उत्तरेश्वर पेठेतली उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, जुना बुधवार पेठेची तालीम, ऋणमुक्तेश्वर, वेताळमाळ आणि रंकाळा तालीम, शहराच्या पश्चिम अंगाचे फुलेवाडी क्रीडा मंडळ. संध्यामठ ही रंकाळा तलावातली दगडी वास्तू. पाणी ओसरले की ती उघडी पडते, आणि तिच्याच नावाचा संघ लीगमध्ये खेळतो. प्रॅक्टिस क्लबसारखी इंग्रजी वळणाची नावे थोडी आहेत. बाकी सारे देव, तळी, वेशी आणि पेठा. या यादीत एकाही उद्योगसमूहाचे नाव नाही, याकडे लक्ष द्यायला हवे. मुंबईच्या फुटबॉलमध्ये एका काळात मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्र ही नावे गाजली आणि त्यातले बहुतेक संघ कंपन्यांनी हात आखडता घेताच विरून गेले. कोल्हापुरात संघ बंद करायचा तर आधी पेठ बंद करावी लागेल.

मैदानांची कथाही शहराच्या पाण्याशी जोडलेली आहे. कोल्हापूर हे तळ्यांचे शहर होते. त्यातली कित्येक तळी काळाच्या ओघात बुजवली गेली. शिवाजी पेठेतल्या वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, तर रावणेश्वर तळ्याच्या जागी राजर्षी शाहू स्टेडियम उभे आहे. गांधी मैदानावर पोरे सराव करतात आणि शाहू स्टेडियमवर लीगचे सामने होतात. शहरातल्या फुटबॉलचे मोठे जीवन या दोन पूर्वीच्या तळ्यांवर चालते. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचते आणि सराव थांबतो. तळ्याची जागा ती. पाणी तिथेच येणार.

स्पर्धांचे नियमन कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच ‘केएसए’, करते. संस्थानकाळात स्थापन झालेल्या या संस्थेला छत्रपती घराण्याचा आश्रय आरंभापासून आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजाश्रयाची जुनी चौकट संपली. तरी घराण्याचा खेळाशी असलेला संबंध सुटला नाही. माजी आमदार मालोजीराजे छत्रपती यांनी केएसएचे अध्यक्षपद सांभाळले आहे. राज्यपातळीवर केएसए वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी (स्थापना १९११) जोडलेली आहे. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा भरत होती. तिची सुरुवातीची सारी वर्षे लष्करी पलटणींची होती, आणि १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने तो चषक जिंकेपर्यंत एकाही भारतीय संघाला तो मिळाला नव्हता. कोल्हापूरचा फुटबॉल मात्र छावणीत वाढला नाही. तो पेठेत वाढला, आणि त्याच्या स्वभावातला बराचसा फरक या एका गोष्टीतून येतो.

लीगची उतरंड अशी : सर्वांत वर वरिष्ठ गटाचे १६ संघ, त्याखाली ‘ए’, ‘बी’ आणि पुढच्या डिव्हिजन. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. गुण समान झाले की गोलफरक पाहिला जातो. हंगामाअखेरीस तळाचे संघ खाली उतरतात आणि खालच्या गटातले अव्वल संघ वर चढतात. नव्या मंडळाला वर खेळायचे असेल तर एकेक पायरी चढतच यावे लागते. पैसे भरून मधल्या पायरीवर उडी घेता येत नाही. देशाच्या पातळीवर २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने कित्येक वर्षे बढती-अवनतीचे दार बंद ठेवले होते. त्या काळात कोल्हापूरसारख्या शहरांनी ते आपल्या पातळीवर उघडे ठेवले. लहान मंडळाच्या दृष्टीने ही गोष्ट कोणत्याही चषकापेक्षा मोलाची आहे. वरच्या गटात मोठ्या तालमींचा एकाच नावाने ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संघ खेळवण्याचा प्रघातही येथे आहे. पाटाकडील तालमीचे दोन संघ हे त्याचे ठळक उदाहरण. पेठेत खेळाडू इतके, की एका संघात मावत नाहीत.

खालच्या डिव्हिजनचे जग वेगळे असते आणि त्याच्याबद्दल वर्तमानपत्रात दोन ओळींपलीकडे काही छापून येत नाही. वरिष्ठ गटाच्या सामन्याला गॅलरी भरते, डिजिटल फलक लागतात, ढोल-ताशे येतात. खालच्या गटातल्या सामन्याला गल्लीतली माणसे येतात. मैदानाबाहेर उभ्या असलेल्यांपैकी अर्धे एकेकाळी त्याच संघातून खेळलेले असतात. जर्सीचा खर्च मंडळाच्या वर्गणीतून किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या खिशातून येतो. प्रशिक्षक बहुधा गल्लीतलाच जुना खेळाडू असतो आणि तो दिवसा आपली नोकरी किंवा धंदा करतो. खेळाडूंचेही तसेच : कुणी महाविद्यालयात, कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी घरच्या दुकानात. संघ खाली गेला म्हणून मंडळ मोडत नाही, कारण गणपती, शिवजयंती आणि रोजची चौकातली बैठक चालूच असते. पुढच्या हंगामात तीच पोरे पुन्हा नोंदणी करतात. फुटबॉलच्या जगात खाली उतरणे हा बहुतेक क्लबांसाठी आर्थिक आघात असतो. इथे तो मानाचा घाव असतो. तो खोल लागतो, पण त्याने कुणी मरत नाही. या नोंदीच्या लेखकाला कोल्हापूरच्या फुटबॉलमधली सर्वांत जपण्यासारखी गोष्ट हीच वाटते.

हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. लीग संपली की बाद पद्धतीच्या स्पर्धांची रांग लागते. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक अशी त्यांची नावे राजकारण आणि नगरकारभार यांच्याशी असलेले जवळचे नाते सांगतात. बाद सामना बरोबरीत सुटला की टायब्रेकर, आणि टायब्रेकरच्या वेळी स्टेडियममध्ये जी शांतता पसरते ती लीगच्या सामन्यात कधी अनुभवायला मिळत नाही.

पेठेची अस्मिता ही या खेळाची ताकद आहे आणि त्याचे दुखणेही तेच आहे. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ हा सामना म्हणजे शहराचा सण. परंतु समर्थकांची हुल्लडबाजी, मैदानात धावून येणे, खेळाडूंमधली हाणामारी, सामन्यानंतर रस्त्यावर उतरलेले वाद यांमुळे सामने अर्धवट थांबले आहेत, पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले आहेत आणि केएसएने खेळाडू व संघांवर कारवाई केली आहे. याचा मार बहुतेक वेळा ज्यांचा दोष नसतो त्यांना बसतो. मोठ्या संघांच्या भांडणामुळे स्पर्धा लांबली की खालच्या डिव्हिजनचे सामने मागे ढकलले जातात. मैदान एकच, दिवस मोजके. बंदोबस्ताअभावी सामना होऊ शकत नाही, तेव्हा वर्षभर घाम गाळलेल्या लहान मंडळाच्या पोरांचा हंगाम विनाकारण आखडतो. या प्रश्नावर पेठांतल्या जुन्या जाणत्यांनी अधिक उघडपणे बोलायला हवे.

दुसरा बदल पैशाचा. गेल्या काही दशकांत वरिष्ठ गटातले संघ बाहेरच्या शहरांतून, तसेच नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतून खेळाडू आणू लागले. त्यांच्यावर संख्येची मर्यादा घालण्याचे नियमही आले. खेळाचा वेग वाढला, शरीराचा खेळ वाढला, गोलरक्षकांना नव्या प्रकारचे फटके अडवावे लागले. स्थानिक खेळाडूंना हंगामापुरते मानधन मिळू लागले आणि नोंदणीच्या काळात एका पेठेचा खेळाडू दुसऱ्या पेठेत जाणे ही चौकाचौकातली चर्चा झाली. पूर्वी ज्या पेठेत जन्म त्याच पेठेची जर्सी, हा अलिखित नियम होता. तो वरच्या पायऱ्यांवर सैल झाला आहे. खालच्या डिव्हिजनमध्ये तो अजून बऱ्याच अंशी टिकून आहे.

पेठेवर उभ्या असलेल्या या रचनेला जोड शोधायची तर कोलकात्याकडे पाहावे लागते. १५ ऑगस्ट १८८९ रोजी स्थापन झालेल्या मोहन बागान संघाचे नाव उत्तर कोलकात्यातल्या एका वाड्यावरून आले, आणि २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. मात्र कोलकात्याचे मोठे क्लब आपल्या पाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, सीमा ओलांडून देशभर पसरले. कोल्हापूरचे पेठेतच राहिले. लहान राहण्यात उणेपणा नाही हे सांगायला इंग्लंडमधला शेफील्ड फुटबॉल क्लब पुरेसा आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेला, जगातला सर्वांत जुना मानला जाणारा हा क्लब वर्षानुवर्षे खालच्या लीगांमध्येच खेळत आला आहे.

महाराष्ट्रात सगळीकडे या भूमिकेत फुटबॉल नाही, हेही नोंदवायला हवे. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोहे पट्ट्यात, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या वडखळ, गडब, कासू या भागात, गावाच्या मंडळाचा मान कबड्डीवर तोलला जातो. भातशेती, खारबंदिस्ती आणि आता कारखान्यांच्या वस्तीतली ही गावे हिवाळ्यात रात्रीच्या दिव्यांखाली कबड्डीचे सामने भरवतात. कोल्हापुरात पेठेची पोरे गांधी मैदानावर जे करतात तेच इथे गावदेवीपुढच्या आखलेल्या पटांगणात घडते. खेळ वेगळा, पण मंडळ, वर्गणी, जर्सीवरचे गावाचे नाव आणि हरल्यावर रात्रभर चाललेली चर्चा ही सगळी एकाच जातीची.

पेठेतून देशापर्यंत पोहोचलेल्यांमध्ये कोल्हापूरचा आघाडीपटू अनिकेत जाधव याचे नाव ठळक आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारतीय संघात होता. दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याविरुद्ध भारताने सामने खेळले, ती फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातली भारताची पहिलीच हजेरी. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्येही खेळला. मध्यरक्षक निखिल कदम हाही कोल्हापूरचा. तो मोहन बागानसह अनेक मोठ्या संघांकडून खेळला आहे. अशा खेळाडूंच्या वाटेत शासकीय क्रीडा प्रबोधिनी, अकादमी, व्यावसायिक क्लब असे पुढचे टप्पे लागतात, आणि तालमीच्या संघाला तिथवर नेण्याची यंत्रणा अजून अपुरी आहे. पेठेत वर्षानुवर्षे उत्तम खेळून नोकरीच्या वयात बूट टांगलेले खेळाडू याहून कितीतरी अधिक. त्यांच्यातलेच काही आज सायंकाळी गांधी मैदानावर दहा-बारा वर्षांच्या पोरांना चेंडू छातीवर घ्यायला शिकवत असतात, आणि त्या पोरांची पहिली नोंदणी लीगच्या सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये होते.