ड्यूमाचा शिळा पिझ्झा

अलेक्झांडर ड्यूमाचं नाव ऐकलं की 'थ्री मस्केटिअर्स' आठवतात, तलवारी आठवतात. शिळा पिझ्झा आठवत नाही. पण शिळ्या पिझ्झ्याविषयी छापील पुस्तकात लिहिणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत हा फ्रेंच कादंबरीकार मोडतो, आणि मंडळी, मला त्याच्याशी थोडं भांडायचं आहे.

ड्यूमा १८३५ साली नेपल्सला गेला. पुढे काही वर्षांनी 'कोरिकोलो' नावाचं प्रवासवर्णन त्याने लिहिलं. तिथले रस्त्यावर राहणारे गरीब लोक, ज्यांना लाझारोनी म्हणत, ते उन्हाळ्यात कलिंगडावर आणि हिवाळ्यात पिझ्झ्यावर जगतात असं त्याने नोंदवलं आहे. दोन स्यूच्या पिझ्झ्यात अख्खं कुटुंब जेवतं, हेही. मासळी, तेल, चीज यांचे बाजारभाव चढले-उतरले की पिझ्झ्याची किंमतही हलते, म्हणून हा पदार्थ म्हणजे बाजाराचा तापमापकच, असं त्याचं निरीक्षण. माणसाची नजर चांगली होती, यात शंका नाही.

पुढे मात्र तो सांगतो की पिझ्झ्याची किंमत ताजेपणावरही ठरते, आणि ज्यांचा खिसा फारच हलका त्यांच्यासाठी आठवड्याचा शिळा पिझ्झाही मिळतो. खलाशी खातात त्या कडक बिस्किटाच्या जागी तो चालून जावा!

आठ दिवसांचा पिझ्झा? चुलीसमोर पन्नास वर्षं काढलेल्या कुठल्याही बाईला इथे अडखळायला होईल. आठ दिवसांत त्या पावाला बुरशी धरेल, नाहीतर त्याचा दगड होईल. अभ्यासक आता ह्याचा उलगडा असा करतात की ड्यूमाने ऐकलं ते 'आ ओत्तो', म्हणजे 'आठाने'. नेपल्समध्ये त्याचा अर्थ होता, आज खा आणि पैसे आठ दिवसांनी दे. ती उधारी होती! आपल्याकडे वाण्याची वही असायची ना, तसलंच. पगार झाला की चुकते करायचे. पिझ्झा भट्टीतून उतरलेला, गरमागरम. शिळे झाले होते ते पैसे.

मला ही चूक विनोदी वाटत नाही. बाहेरून आलेल्या माणसाने गरिबाची पत बघितली आणि ते शिळंपाकं आहे असं लिहून टाकलं. कोणीतरी कोणावर तरी आठ दिवस विश्वास टाकत होतं, ते त्याच्या वहीत आलंच नाही. इतिहास शिकवताना मी मुलांना प्रवासवर्णनं वाचून दाखवत असे, तेव्हा आधी विचारायची, लिहिणाऱ्याला तिथली भाषा किती येत होती?

याचा अर्थ नेपल्समध्ये शिळा पिझ्झा नव्हता असा मात्र नाही. माटिल्डे सेराओ ही पत्रकार आणि लेखिका त्याच शहरात वाढली. १८८४ च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर शहरातल्या दारिद्र्यावर तिने 'इल वेंत्रे दि नापोली', म्हणजे नेपल्सचं पोट, हे पुस्तक लिहिलं. त्यात पिझ्झेवाल्याचा पोऱ्या आहे. रात्री भाजलेल्या पिझ्झ्यांचे तुकडे करून ते त्याच्याकडे दिले जातात, आणि तो कोपऱ्यावर मेज मांडून दिवसभर उभा राहतो. तुकडे थंडीने गोठतात, उन्हाने पिवळे पडतात, माश्या बसतात. हे वर्णन खरं आहे हे वाचतानाच कळतं. फिरते विक्रेते डोक्यावर पत्र्याचा गोल डबा घेऊन हिंडत, त्याला 'स्तूफा' म्हणत. त्यात पिझ्झा ऊन राहायचा. बाकी पुन्हा गरम करून देण्याची सोय कुठली असायला? ज्यांच्या खोलीत धड चूल नाही, तेच लोक रस्त्यावर खात होते.

राणी मार्गेरिटाची १८८९ ची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, तांबडा-पांढरा-हिरवा पिझ्झा वगैरे. तिचा पुरावा म्हणून दाखवलं जाणारं पत्र बनावट असावं, असं झॅकरी नोवाक या अभ्यासकाने २०१४ साली मांडलं. असो. राण्यांच्या गोष्टी टिकतात, पोऱ्यांच्या टिकत नाहीत.

पिझ्झा घरी उरायला लागला तो अमेरिकेत. इटालियन स्थलांतरितांबरोबर तो तिथे गेला आणि आकाराने वाढला. नेपल्सचा पिझ्झा एका माणसाचा. घडी घालून उभ्या उभ्या खायचा. अमेरिकेतला परातीएवढा, चौघांनी वाटून घ्यायचा. १९६० साली मिशिगनमध्ये मोनाहन बंधूंनी एक लहान पिझ्झेरिया विकत घेतला, त्याचंच पुढे डॉमिनोज झालं. पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिझ्झा घरपोच यायला लागला, आणि घरात फ्रीज होताच. पोट भरून उरलेलं शिळं आणि पोट भरत नाही म्हणून घेतलेलं शिळं, यांना भाषेत एकच शब्द असला तरी ती दोन वेगळी अन्नं आहेत. आपल्याकडे डॉमिनोज आणि पिझ्झा हट दोन्ही १९९६ साली आले, आणि पहिल्या प्रकारचं शिळं आमच्याही फ्रीजमध्ये आलं.

पण फ्रीजमधला तुकडा चामड्यासारखा का होतो? वाळतो म्हणून, असं आपण म्हणतो. याचं उत्तर १८५२ साली बूसिंगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. त्याने पाव हवाबंद ठेवला. पाण्याचा अंशही बाहेर जाऊ दिला नाही, तरी पाव शिळा झालाच. आणि तोच पाव ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर पुन्हा मऊ झाला. म्हणजे शिळेपणा हा वाळणं नव्हेच. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, गार होताना त्याचे कण पुन्हा शिस्तीत रांगा धरतात आणि कडक होतात. ऊन केलं की रांगा मोडतात. गंमत म्हणजे फ्रीजच्या थंडाव्यात या रांगा सर्वांत लवकर लागतात, बाहेर ठेवण्यापेक्षाही. तरी चीज, भाज्या नासू नयेत म्हणून फ्रीजमध्येच ठेवावं लागतं. बूसिंगोची युक्ती शिळ्याला लागू आहे, नासलेल्याला नाही.

मायक्रोवेव्हची कथा निराळी. १९४५ साली रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करताना पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. या स्पेन्सरचं शालेय शिक्षणही पूर्ण झालेलं नव्हतं, हे मी शिक्षिका असून आनंदाने सांगते. त्यातून निघालेली पहिली भट्टी १९४७ ची, जवळजवळ माणसाच्या उंचीची आणि सुमारे ३४० किलोंची. ओट्यावर मावणारी १९६७ साली अमाना कंपनीने आणली, ४९५ डॉलरला. ती पदार्थातलं पाणी तापवते, आजूबाजूची हवा गारच राहते. त्यामुळे तुकड्यातली वाफ तळाशी साठते, बूड लिबलिबीत होतं, आणि ताटलीत दोन मिनिटं पडलं की आधीपेक्षा चिवट. सूनबाईंना हे मान्य नाही. सकाळच्या घाईत तीस सेकंदांत काम होतं, हा त्यांचा मुद्दा मलाही खोडता येत नाही.

मला वेळच वेळ आहे, म्हणून मी तवा घेते. बिडाचा असेल तर उत्तम. मध्यम आच, तेल अजिबात नाही. तुकडा दोन-तीन मिनिटं नुसता ठेवायचा, बूड हाताला टणक लागलं पाहिजे. मग तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडायचं, तुकड्यावर नाही, आणि लगेच झाकण. मिनिटभरात चीज सुटतं. झाकण काढून आणखी अर्धा मिनिट, म्हणजे वाफ जाते. शिळ्या भाकरीला पाण्याचा हात लावून माझी आजी तव्यावर टाकायची, तीच ही रीत. ६० अंशांचा हिशेब तिला कोणी सांगितला नव्हता.

मुलं जाड कडा ताटात टाकून उठतात. त्या मी डब्यात जमवते. चार तुकड्यांच्या कडा झाल्या की बारीक चिरून, कांदा, मिरची, मोहरी-हळदीची फोडणी आणि वरून पाण्याचा हबका. ओरेगानो आणि मोहरीचं फार वाकडं नाही, असं दिसतं.