स्पष्ट, जाती आणि समुद्रातले कृमी

'स्पष्ट' हा शब्द रोजच्या बोलण्यातला, तर 'स्पीशीज' विज्ञानाच्या पुस्तकातला. पण दोघांचे मूळ एकच आहे. संस्कृतात 'स्पश्' म्हणजे पाहणे. ऋग्वेदात वरुणाच्या हेरांना 'स्पश' म्हटले आहे, आणि जे नीट पाहिले गेले ते 'स्पष्ट'. याच धातूचे भावंड लॅटिनमध्ये 'स्पेकेरे' झाले. त्यापासून 'स्पेकिएस', म्हणजे रूप, दर्शन, आणि पुढे प्रकार. सजीवांच्या वर्गीकरणाने हाच शब्द उचलला. जे डोळ्यांना वेगळे दिसते ते वेगळे, हा विश्वास त्या शब्दाच्या पोटातच आहे.

मराठी जीवशास्त्राने त्यासाठी 'जाती' हा शब्द घेतला. (वर्तमानपत्रे 'प्रजाती' लिहितात, विश्वकोशाच्या परिभाषेत मात्र ती पायरी वेगळी आहे.) समाजात या शब्दाने माणसांवर फार मोठा अन्याय केला, म्हणून तो उच्चारताना जीभ अडखळते. पण त्याचा धातू 'जन्' आहे, म्हणजे जन्मणे. ग्रीक 'गेनोस' त्याच कुळातला. 1909 साली विल्हेल्म योहान्सेन यांनी 'जीन' हा शब्द घडवला तो तिथूनच, आणि आपला 'जनुक'ही 'जन्'पासूनच. एकाच गोष्टीला लॅटिन शब्द दिसण्यावरून ओळखतो, आपला शब्द जन्मावरून. बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत हा फरक फारसा जाणवत नाही. किनाऱ्याच्या चिखलात राहणाऱ्या कृमींनी मात्र तो ठळकपणे समोर आणला.

कॅपिटेला कॅपिटाटा हे त्यातले सर्वांत बोलके उदाहरण. 1780 मध्ये फाब्रिसियस यांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील एका लालसर, दोऱ्यासारख्या बारीक कृमीचे वर्णन केले. नावाचा अर्थ साधा: 'कापुट' म्हणजे डोके, 'कॅपिटाटा' म्हणजे डोके असलेली. पुढे जगभर जिथे जिथे घाणीने भरलेला चिखल आणि त्यात असा कृमी सापडला, तिथे तिथे हेच नाव लागले. भारतीय किनाऱ्यांवरच्या प्रदूषणाच्या अहवालांतही ते वारंवार येते.

सप्टेंबर 1969 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फालमथजवळ 'फ्लोरिडा' नावाचा तेलवाहू तराफा खडकावर आदळला. तेलाने मेलेल्या तळावर कॅपिटेला प्रचंड संख्येने वाढली. ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या दांपत्याने त्या कृमींची पैदास प्रयोगशाळेत केली आणि त्यांची एन्झाइमे तपासली. 1976 मध्ये त्यांनी जाहीर केले की ही एक जाती नव्हे, निदान सहा जाती आहेत. अंड्यांचा आकार वेगळा, पिल्ले पाण्यात तरंगत राहण्याचा काळ वेगळा, प्रजननाचे वेळापत्रक वेगळे. बाहेरून पाहिले तर सगळ्या जवळजवळ सारख्या. त्यांपैकी पहिलीला औपचारिक नाव मिळायला 2009 साल उजाडावे लागले. ते नाव कॅपिटेला टेलेटा. ग्रीकमधला हा शब्द दीक्षेचा, प्रवेशविधीचा आहे, कारण मूळ जातीपासून वेगळी म्हणून ओळखली गेलेली ती पहिली. त्याच वर्षी ग्रीनलंडच्या कृमींवरून खऱ्या कॅपिटाटाचेही नव्याने वर्णन झाले. 1780चे नाव अखेर आपल्या गावी परतले.

नॉर्वेचे धर्मोपदेशक आणि निसर्ग-अभ्यासक मिकाएल सार्स यांनी 1835 मध्ये टेरेबेलायडीस स्ट्रोमाय या कृमीचे वर्णन केले होते. 2018 मध्ये ईशान्य अटलांटिकमधल्या नमुन्यांची जनुके वाचली, तेव्हा त्या एका नावाखाली पंचवीसहून अधिक जाती निघाल्या. हे ऐकून मला तरी विस्मयापेक्षा काळजी जास्त वाटते. एक जाती सर्वत्र आढळते म्हणून ती सुरक्षित, असे आपण मानतो. पण ती पंचवीस असतील, तर त्यांतली एखादी एकाच खाडीपुरती असू शकते, आणि ती गेली तरी कोणाच्या लक्षातही येणार नाही.

'कृमी' या शब्दाचाच प्रवास पाहा. फारसीत तो 'किर्म' आहे, लिथुआनियनमध्ये 'किर्मिस'. लॅटिन 'वेर्मिस' आणि इंग्रजी 'वर्म' यांच्याशी त्याचा सूर जुळतो, पण ते दुसऱ्या मुळाचे आहेत. ओकवरच्या एका कीटकापासून तांबडा रंग काढत. त्या कीटकाला अरबीत 'कृमी'च्याच कुळातले 'किर्मिझ' हे नाव होते, आणि आपला 'किरमिजी' तिथून आला. इंग्रजी 'क्रिमझन'ही त्याचाच भाऊ. अथर्ववेदात कृमींविरुद्ध सूक्ते आहेत आणि त्यांत कृमींचे दोन वर्ग केले आहेत: दृष्ट आणि अदृष्ट. तिथला संदर्भ रोगाचा आहे, वर्गीकरणाचा नाही. तरीही न दिसणाऱ्या कृमींची दखल आपल्या भाषेच्या पूर्वजांनी इतक्या आधी घेतली होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता प्रश्न असा की रूपाने सारख्या पण जन्माने वेगळ्या असलेल्या या जातींना मराठीत काय म्हणावे? इंग्रजीत 'क्रिप्टिक' म्हणतात. तो ग्रीक शब्द लपवण्याचा आहे. 'गूढ' हा 'गुह्' धातूचा, तोही लपवण्याचाच. 'गुप्त' हा 'गुप्' धातूचा. त्याचा पहिला अर्थ राखलेला, रक्षिलेला असा आहे, आणि या बिचाऱ्या कृमींना तर कोणीच राखलेले नाही. शिवाय तिन्ही शब्द दोष कृमीवर टाकतात, जणू ते आपल्यापासून लपून बसले होते. ते कुठेच लपलेले नव्हते. आपल्याला दिसण्यापलीकडचे पाहता येत नव्हते.

म्हणून मला 'अलक्षित' हा शब्द योग्य वाटतो. 'लक्षण' म्हणजे ओळखीची खूण. वर्गीकरण करणारे ज्या खुणांवर जाती ठरवतात, त्यांना आपण लक्षणेच म्हणतो. ज्यांचे वेगळेपण लक्षणांत उतरलेले नाही आणि ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, अशा दोन्ही अर्थांनी या जाती अलक्षित आहेत.

भारतात असे काम बरेच बाकी आहे. पिएर फोव्हेल यांचा 1953चा 'फॉना ऑफ इंडिया'मधला खंड दशकानुदशके अभ्यासकांच्या हाताशी राहिला, आणि त्यात आपल्या अनेक कृमींना युरोपात वर्णिलेल्या जातींची नावे आहेत. पूर्व किनाऱ्यावरून 2020 मध्ये रूप आणि जनुके दोन्ही तपासून मार्फिसा मद्रासी ही नवी जाती वर्णिली गेली. कोकण आणि गोव्याच्या खाड्यांतल्या कृमींचीही अशीच तपासणी व्हायला हवी. त्यासाठी नमुने फॉर्मेलिनऐवजी अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतील, कारण फॉर्मेलिनमध्ये डीएनए खराब होतो. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना आणि विज्ञानाच्या बातम्या देणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की या जातींबद्दल लिहिताना त्यांना लपलेल्या म्हणू नका, अलक्षित म्हणा.