कोळीनियंत्रण, बाष्पनशील तेलांद्वारे (मधमाशीपालन)

मधपेटीतील परोपजीवी कोळ्यांचा बंदोबस्त ओवा, निलगिरी, पुदिना इ. वनस्पतींच्या बाष्पनशील तेलांनी किंवा त्यांतील घटकांनी करण्याची पद्धत.

कोळी : भारतात व्हॅरोआ व ट्रोपिलिलॅप्स हे दोन महत्त्वाचे. व्हॅरोआची तांबूस, चपटी मादी जेमतेम दीड मिमी. रुंद असते. अळीचे घर मेणाने बंद होण्याच्या बेतात असताना ती आत शिरते व तिथेच तिची वीण होते. जुन्या लेखनात व्हॅरोआ जाकोबसोनी हेच नाव आढळते. युरोपीय मधमाशीला (मेलिफेरा) छळणारी जाती निराळी असल्याचे २००० मध्ये दाखवून तिला व्हॅरोआ डिस्ट्रक्टर म्हटले गेले. ट्रोपिलिलॅप्स मुळात आग्या माशीवरचा. अळ्या नसल्या की तो थोड्याच दिवसांत मरतो.

तेले : प्रयोगशाळेत दीडशेहून अधिक तेले तपासली गेली, पेटीत फारच थोडी टिकली. खरा भरवसा थायमॉलचा, म्हणजे ओव्याच्या फुलाचा. परदेशी बाजारातील एका वडीत थायमॉल, मेंथॉल, कापूर व निलगिरीतील युकॅलिप्टॉल असते. निलगिरी वगळली तर ही आपली अमृतधाराच. थायमॉलच्या उपचारात ९० टक्क्यांहून अधिक कोळी मेल्याच्या नोंदी आहेत, पण सर्व भिस्त वाफेवर. सुमारे १५° से.खाली वाफ पुरेशी होत नाही. कडक उन्हात ती इतकी दाटते की माश्या पेटीबाहेर लोंबतात, अळ्या उपसून टाकतात. बंद घरांतील कोळ्यांपर्यंत वाफ पोहोचत नसल्याने उपचार काही आठवडे चालू ठेवावा लागतो. मधाला वास लागतो. म्हणून मधकक्ष काढून घेतल्यावरच औषध ठेवतात. गवती चहाचे तेल माश्यांना खेचते. त्याला कोळीनाशक समजू नये.

श्वासनलिकेतील कोळी : मेंथॉल वापरतात.

खंडाळा व सातारा परिसर : खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा खंडाळा (बोरघाटातील निराळा) नीरेच्या खोऱ्यातील उघड्या, उन्हाच्या मुलखात येतो; तिथे वाफ दाटण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो. महाबळेश्वरच्या डोंगरात मध संचालनालय असून तेथील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव ठरले. डोंगरातील पेट्या प्रामुख्याने सातेरी या देशी मधमाशीच्या. व्हॅरोआ मूळचा सातेरीचाच. ती त्याला अंगावरून झाडते आणि त्याची वीण बहुधा नरांच्या घरांपुरतीच राहते. त्यामुळे तिच्या पेटीत थायमॉल ठेवण्याची सहसा गरज नसते; उलट उग्र वासाने त्रासलेली सातेरी घर सोडते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस दक्षिण भारतातील व महाराष्ट्रातील सातेरी वसाहती उद्ध्वस्त झाल्या त्या थाई सॅकब्रूड विषाणूने. त्यावर ही तेले निरुपयोगी. पिकांमागे फिरणाऱ्या मेलिफेरा पेट्यांची गोष्ट वेगळी. त्यांतील सुमारे ३०० माश्या बरणीत घेऊन पिठीसाखरेत घोळवतात आणि जाळीतून गळालेले कोळी मोजतात. औषधाचा निर्णय त्या मोजणीवर घेतात.