‘सैराट’नंतरचे अजय-अतुल

एखादी कृती अफाट गाजली की कर्त्याची पुढची कृती तिच्या सावलीतच वाचली जाते. ‘कोसला’नंतर (१९६३) आलेल्या ‘बिढार’ला (१९७५) हे चुकले नाही. लोकप्रिय संगीतात तर दोन कृतींमध्ये बारा वर्षांची उसंतही मिळत नाही. अजय आणि अतुल गोगावले या बंधूंच्या ‘सैराट’नंतरच्या दोन संगीतकृतींना मिळालेला प्रतिसाद या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. गाणी अवघी चार. हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झालेला पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि करमाळ्याकडची बोली यांचा सांधा त्यांत कुठेही उघडा पडत नाही. दोन वर्षांनी ‘धडक’ आला आणि ‘झिंगाट’ हिंदीत अवतरले. मराठी रसिक नाराज झाले.

ही नाराजी चालींची पुनरावृत्ती झाली म्हणून होती काय? तसे म्हणता येणार नाही. ‘जत्रा’तील (२००६) ‘कोंबडी पळाली’ची चाल ‘अग्निपथ’मध्ये (२०१२) ‘चिकनी चमेली’ झाली, तेव्हा आपण अभिमानाने माना डोलावल्याच होत्या! फरक असा की ‘सैराट’ची गाणी एका विशिष्ट गावाची आणि तिथल्या जातवास्तवाची होती. कथा उदयपूरला गेली, अमिताभ भट्टाचार्य यांचे हिंदी शब्द आले. चाल तीच राहिली, पण ती कुणाचीच उरली नाही.

मात्र २०२२ मधील ‘झुंड’च्या बाबतीत हाच निकष लावला गेला नाही, हा आमचा खरा आक्षेप आहे. दिग्दर्शक पुन्हा नागराज मंजुळे, संगीत याच जोडीचे, आणि चित्रपट नागपूरचा: हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी उभारलेल्या फुटबॉलच्या कार्यावर आधारलेला. काहींना गाण्यांतील जोम भावला. पण ‘सैराटची सर नाही’, ‘ही कसली हिंदी’ असेच शेरे आमच्या कानी अधिक पडले.

‘लफडा झाला’ हे एक शीर्षकच पाहू. हिंदी भाषक ‘लफडा हुआ’ म्हणेल. आपण सहसा ‘लफडं झालं’ म्हणतो. येथे नाम हिंदी वळणाचे आणि क्रियापद मराठी. उत्तरपत्रिकेत असे वाक्य आले तर त्याखाली लाल रेघ पडते. परंतु १९५६ पर्यंत नागपूर हे हिंदी-मराठी अशा जोडप्रांताचे राजधानीचे शहर होते. इथल्या वस्त्यांमधून आणि बाजारांतून दोन्ही भाषा एकाच वाक्यात सहज नांदतात. करमाळ्याची बोली ‘अस्सल’ आणि ही मात्र ‘भेसळ’, असा भेद कोणत्या भाषाशास्त्राने करावा?

अर्थात ‘झुंड’ची सारीच गाणी या कसाला उतरतात असे नव्हे. ‘बादल से दोस्ती’ तर नावापासूनच प्रमाण हिंदीत वावरते, आणि तिथे नागपूर आम्हांला ऐकू येत नाही. तक्रार करायचीच तर ती येथे करावी. पण मंजुळे यांनी अंकुश गेडामसारखी मुले नागपुरातूनच निवडली. त्यांच्या तोंडचे संवाद वाखाणणाऱ्यांनी गाण्यातील तीच बोली उथळ ठरवावी, हे मात्र अनाकलनीय आहे.