कायरोप्रॅक्टिक व्यवसायाची नोंदणी

पाठीच्या कण्यातील मणक्यांवर हातांनी विशिष्ट दाब देऊन उपचार करण्याच्या पद्धतीस कायरोप्रॅक्टिक म्हणतात. हात व क्रिया या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले. या व्यवसायासाठी कायद्याने ठरविलेली पात्रता व परवाना यांचा इतिहास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला.

डॅनिएल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) यांनी १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे ही पद्धती सुरू केली. मणका जागचा किंचित ढळल्याने तंत्रिकांच्या कार्यात अडथळा येऊन बहुतेक रोग उद्भवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. परवान्याविना वैद्यक केल्याबद्दल १९०६ मध्ये त्यांना कारावास भोगावा लागला. पुढील वर्षी विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस येथे शेगातारो मोरिकुबो यांच्यावर परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी केल्याचा खटला झाला. कायरोप्रॅक्टिक ही वैद्यक व ऑस्टिओपॅथी यांहून वेगळी विद्या आहे, असा बचाव करण्यात येऊन ते निर्दोष सुटले. या युक्तिवादाने स्वतंत्र परवान्याच्या मागणीस बळ आले.

असा पहिला कायदा कॅनझस राज्याने १९१३ मध्ये केला. कॅलिफोर्नियात अनेक व्यावसायिकांनी दंड भरण्याऐवजी तुरुंगवास पत्करला. तेथे १९२२ मध्ये मतदारांनीच सार्वमताने कायदा संमत करून स्वतंत्र परीक्षक मंडळ स्थापिले. उलटपक्षी १९२५ पासून विस्कॉन्सिन, कनेक्टिकट इ. राज्यांनी मूलभूत विज्ञानांविषयीचे कायदे केले. त्यांनुसार कोणत्याही उपचारपद्धतीच्या उमेदवारास शारीर, शरीरक्रियाविज्ञान, विकृतिविज्ञान इ. विषयांची समान परीक्षा द्यावी लागे. तीत कायरोप्रॅक्टिकचे अनेक उमेदवार अनुत्तीर्ण होत. परंतु या दडपणामुळे त्यांच्या शाळांना विज्ञानशिक्षण सुधारावे लागले. १९६३ मध्ये राष्ट्रीय परीक्षक मंडळ स्थापन झाले. १९७४ मध्ये लुइझिॲनाने परवाना देण्याचे मान्य केल्यावर सर्व राज्यांत हा व्यवसाय कायदेशीर झाला.

परवान्यासाठी आता मान्यताप्राप्त महाविद्यालयाची कायरोप्रॅक्टिकमधील डॉक्टर ही पदवी व राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा आवश्यक असतात. राज्याच्या कायद्याची परीक्षा, नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षण इ. अटी राज्यपरत्वे भिन्न आहेत. औषधे लिहून देण्याचा व शस्त्रक्रियेचा अधिकार सामान्यतः मिळत नाही.

ब्रिटनमध्ये १९९४ च्या अधिनियमाने सर्वसाधारण कायरोप्रॅक्टिक परिषद स्थापन झाली. नोंदणीविना ‘कायरोप्रॅक्टर’ हे नामाभिधान वापरणे तेथे गुन्हा आहे. मणक्यांचे ढळणे हे रोगाचे कारण असल्याच्या दाव्यास वैद्यकीय संशोधनाचा आधार नाही, असे याच परिषदेने २०१० मध्ये जाहीर केले. कंबरदुखीवर मणक्यांच्या हस्तोपचाराचा माफक उपयोग होतो, असे आढळले आहे. परवाना हा शिक्षण व वर्तन यांचे किमान प्रमाण ठरवितो आणि रुग्णास दाद मागण्याची सोय देतो. मूळ सिद्धांताच्या सत्यतेचा तो पुरावा ठरत नाही.